दोन ससे पळाले, त्यांचे तेरा झाले

पत्र:
ताई, वर्षभरापूर्वी लेकीसाठी दोन ससे घेतले, एक पांढरा आणि एक करडा. देणाऱ्याने दोन्ही माद्या आहेत म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं. आठ महिन्यांपूर्वी पिंजऱ्याखालची माती उकरून दोन्ही पळाले आणि घरामागच्या मोकळ्या जागेत राहायला लागले. संध्याकाळी दिसायचे, लेक पाला टाकायची, म्हणून आम्हीही निवांत होतो. काल मोजले तर तेरा! शेजाऱ्यांची रोपं फस्त होतायत, कुंपणाच्या भिंतीखाली बिळं झालीयेत, एक जण तर सरळ विष टाकू म्हणतायत. दोनदा आम्ही सगळे मिळून पकडायला गेलो तर एकही हाती आला नाही, उलट एक लंगडायला लागलाय. लेक रोज रडते. काय करू?

उत्तर:
आधी त्या विषाबद्दल बोलते, कारण बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, त्याला नाही. आजच त्या शेजाऱ्यांकडे जा, फोनवर नको, समोर बसून बोला. विष खाऊन ससा बहुतेक वेळा लगेच मरत नाही, बिळात जाऊन तडफडून मरतो, आणि जो बाहेर मरतो त्याला मांजर, कुत्रा, घार, घुबड कुणीही खातं आणि तेही जिवाला मुकू शकतं. शिवाय तुमची लेक त्याच जागेत पाला टाकायला जाते हे त्यांना सांगा. आणि एवढं करून ससे संपत नाहीत, दोन-चार वाचतात आणि पुन्हा तेवढेच होतात. त्यांचा राग मात्र खोटा नाहीये, रोपं त्यांची गेलीयेत, तेव्हा नुसती माफी मागू नका, त्यांच्या रोपांभोवती बारीक जाळी स्वतः लावून द्या आणि आठ आठवडे मागून घ्या. मुदत सांगितली की माणसं बरंच सोसतात, "बघू, करतो काहीतरी" म्हटलं की नाही सोसत.

आता दोनाचे तेरा कसे झाले ते. दोघांतला एक नर होता. ही चूक फार जणांची होते, कारण लहान पिल्लात नर-मादी ओळखणं खरंच अवघड असतं, नराच्या अंडगोळ्या साधारण दहा-बारा आठवड्यांनी खाली उतरतात आणि त्यानंतरही ससा घाबरला की त्या वर पोटात ओढून घेऊ शकतो. म्हणजे हातात धरून बघितलं, काही दिसलं नाही, "मादी आहे" म्हणून सांगून मोकळे! माझ्याकडेही असंच झालं होतं, दोन "बहिणी" आणल्या आणि एका सकाळी गवताच्या कोपऱ्यात मुठीएवढा केसांचा पुंजका हलताना दिसला, खाली सहा उघडीनागडी पिल्लं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवत नाही, डॉक्टरकडून तपासून घेते.

मादी साधारण ३० ते ३२ दिवसांत व्याते. एका वेळी चार ते आठ पिल्लं, कधी त्याहूनही जास्त. आणि खरी मेख पुढे आहे, व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. सशाच्या मादीला माजाची ठरावीक तारीख लागत नाही, नराशी संग झाला की त्यानंतर दहाएक तासांनी बीज सुटतं. त्यामुळे एक वेत अंगावर पीत असतानाच पुढचं पोटात वाढत असतं. लहान जातीची पिल्लं चार महिन्यांची झाली की तीही या चक्रात येतात. तेरात पाच माद्या धरल्या आणि प्रत्येकीला सहा पिल्लं धरली तर कागदावर पुढच्या महिन्यात तीस नवी पिल्लं होतात. प्रत्यक्षात मांजरं, पाऊस, ऊन, आजार यात बरीचशी जातात म्हणून तर आठ महिन्यांत तुमच्याकडे तेराच दिसतायत. न दिसलेली किती मेली असतील याचा विचार मनात येतो ना, तो येऊ दे, कारण "मोकळे आहेत, मजेत आहेत" ही समजूत त्यानेच सुटते.

आता महत्त्वाचं. अर्धे पकडून थांबलात तर काही उपयोग नाही. लोक काय करतात, जे हाती लागतात ते पकडतात, साधारणपणे धीट नर आधी लागतात, सात-आठ पकडले की हायसं वाटतं आणि मग ढिलाई येते. पण दहा नर उचलले आणि एक राहिला तरी तो एकटा सगळ्या माद्या गाभण ठेवतो. उलट एक मादी उचलली की तिची पुढची सगळी वेतं थांबली. म्हणून डोळा माद्यांवर ठेवा, आणि हे काम संपलं असं तेव्हाच म्हणा जेव्हा एकही बाहेर नसेल. पकडलेल्यांपैकी एकालाही नसबंदीचं ऑपरेशन न करता परत बाहेर सोडायचं नाही, कितीही दया आली तरी.

धावून पकडणं आजपासून बंद. सशाची पाठ नाजूक असते आणि मागचे पाय भलते जोरकस, घाबरून हवेत लाथ मारली तरी त्याचा स्वतःचा कणा मोडू शकतो. भीतीने हृदय बंद पडूनही ससे जातात. तो लंगडणारा सगळ्यात आधी हवाय मला, त्याच्यावर नजर ठेवा, पाय नुसता मुरगळला असेल तर ठीक, पण मागचा भाग फरफटत असेल तर तासाभराचाही उशीर नको.

पकडायचं ते खाण्याच्या सवयीने. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर येतात, भर दुपारी नाही. त्या मोकळ्या जागेत एक कोपरा ठरवा, शक्यतो भिंतीला लागून, आणि रोज त्याच वेळी, त्याच थाळीत, एकाच माणसाने खाणं ठेवायचं. तुमच्या लेकीलाच द्या हे काम, तिचा आवाज त्यांच्या ओळखीचा आहे, आणि रडत बसण्यापेक्षा तिच्या हाताला काम मिळेल. कोथिंबीर, गाजराचा छोटा तुकडा, सफरचंदाची फोड, अशा वासाच्या गोष्टी थोड्याच. आणि आजूबाजूच्या सगळ्यांना हात जोडून सांगा की कुणीही दुसरीकडे काही टाकू नका, हे सगळ्यात कठीण जातं कारण दयाळू माणसं ऐकत नाहीत, पण चार ठिकाणी खायला मिळालं तर तुमच्या कोपऱ्यात कुणी फिरकणार नाही. थाळी ठेवून लांब बसा, वही घ्या आणि नोंद करा: कोण कुठल्या रंगाचा, कुणाच्या कानाला खूण आहे, कुणाचं पोट मोठं आहे, कोण कुठल्या बिळात जातं. आठवड्याभरात तुम्हाला प्रत्येक ससा ओळखू यायला लागेल आणि मग शेवटी "आणखी एक होता का" हा गोंधळ उरणार नाही.

आठ-दहा दिवसांनी सगळे तिथे निर्धास्त खायला लागले की दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे जाळीच्या फळ्यांचं घडीचं कुंपण, कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळतं तसं. ते थाळीभोवती उभं करून ठेवा, एक बाजू पूर्ण उघडी, तीन-चार दिवस तसंच राहू द्या, ससे आत-बाहेर करायला लागले की एका संध्याकाळी उघडी बाजू लांबून दोरीने ओढून बंद. एका वेळी चार-पाच येतात, उरलेल्यांना फारसं कळतही नाही. दुसरा मार्ग म्हणजे आत पाय पडला की दार खाली येणारा पिंजरा. त्याचंही दार सुरुवातीला तारेने बांधून उघडं ठेवायचं, खाणं आधी तोंडाशी, मग मध्ये, मग पार आत सरकवत न्यायचं आणि मगच तार काढायची. लावलेला पिंजरा सोडून झोपायला जायचं नाही, अर्ध्या तासाने बघत राहायचं, आणि उन्हात तर ठेवायचाच नाही कारण सशाला गरम सोसत नाही, त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते. ससा अडकला की लगेच वरून चादर टाका. अंधार झाला की तो शांत होतो, दोन मिनिटांत श्वास खाली येतो, बघाच.

उचलताना कान धरून अजिबात नाही. एक हात छातीखाली, दुसरा हात पार्श्वभागाखाली, आणि पोटाशी धरायचं, वाटल्यास टॉवेलात गुंडाळून. सगळं जमिनीलगत बसून करा म्हणजे सुटला तरी उंचावरून पडणार नाही.

आता जे सांगते ते नीट वाचा, कारण इथे चांगल्या मनाच्या माणसांकडूनही पिल्लं मरतात. पकडलेली प्रत्येक मोठी मादी हातात आली की तिचं पोट बघा. सड फुगलेले, ओलसर, भोवतीचे केस उपटलेले दिसले तर तिची पिल्लं कुठेतरी जमिनीखाली आहेत. ती व्यायच्या वेळी स्वतःच्या छाती-पोटाचे केस उपटून गवतात मिसळून गादी करते, आणि बाहेर पडताना बिळाचं तोंड मातीने बुजवून टाकते, इतकं की वरून नुसती थापलेली ताजी माती दिसते. ती पिल्लांजवळ बसून राहत नाही. दिवसातून एकदा, फार तर दोनदा जाते, तीन-चार मिनिटं पाजते आणि निघून येते. म्हणून कुणाला बीळ उघडं दिसलं आणि आई नाही तर ती सोडून गेली असं समजू नका, पिल्लांचं पोट गोल, टणक आणि अंग गरम असेल तर आई येऊन गेलेली आहे. पण अशी मादी तुम्ही उचलून नेली तर पिल्लं दोन-तीन दिवसांत उपाशी मरतात, कुणाला कळतही नाही.

तर अशी मादी आली तर तिला तिथेच परत सोडा (ऑपरेशनशिवाय सोडायचं नाही म्हणाले, त्याला हा एवढाच अपवाद) आणि पहाटे आणि संध्याकाळी लांबून बघत बसा. ती इकडेतिकडे बघत एका जागी थांबते आणि पुढच्या पायांनी भराभर माती उकरते, तीच जागा. ती पाजून, माती लोटून गेली की खूण करून ठेवा. मग मादीला पुन्हा पकडा आणि त्याच दिवशी हाताने माती बाजूला करून पिल्लं त्यांच्या त्या केसांच्या गादीसकट एका खोक्यात उचला आणि आईच्या पिंजऱ्यात ठेवा. पिल्लांना माणसाचा हात लागला की आई टाकते असं म्हणतात, पाळीव सशांत हे खरं नाही, फक्त हात स्वच्छ असू दे आणि आधी आईच्या अंगावरून फिरवून घ्या. पिल्लांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात आणि अठरा-वीस दिवसांची झाली की ती स्वतःच बाहेर डोकावायला लागतात. खात्री होईपर्यंत एकही बीळ दगड-सिमेंटने बुजवू नका, धूर करू नका, पाणी ओतू नका.

आणखी एक, तुमच्या भागात रानससे असतील तर त्यांची पिल्लं चुकून उचलू नका. रानसशाची पिल्लं केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात, बिळात नाही, उघड्यावर गवतात पडलेली असतात. पाळीव सशाची गुलाबी, आंधळी, बिनकेसांची असतात. दोघांत संकरही होत नाही, त्यामुळे "रानसशाने गाभण केली असेल" हा प्रश्न येत नाही. रानससा दिसला तर तसाच राहू द्या, बऱ्याच ठिकाणी त्याला धरणं कायद्याने गुन्हा असतो.

पकडल्या दिवसापासून नर एकीकडे, माद्या एकीकडे, मध्ये दुहेरी जाळी, कारण एका जाळीतूनही ते उद्योग करतात. दहा आठवड्यांच्या वरची नर पिल्लंसुद्धा आईपासून आणि बहिणींपासून वेगळी. मोठे नर एकमेकांत ठेवले तर रक्त निघेपर्यंत भांडतात तेव्हा त्यांना वेगवेगळे कप्पे हवेत. जमेल तेव्हा सशांचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे न्या, नुसतं कुत्र्या-मांजरांचं बघणाऱ्याकडे नको, फोनवर सरळ विचारा की महिन्यात किती सशांची ऑपरेशनं करता. एक परीक्षा सांगते: जे डॉक्टर ऑपरेशनआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवा म्हणतील तिथे जाऊ नका. सशाला उलटी होऊच शकत नाही त्यामुळे उपाशी ठेवायचं कारणच नाही, उलट त्याचं आतडं थांबलं तर जिवावर बेततं. नराचं ऑपरेशन सोपं, चार महिन्यांनंतर होतं, मात्र त्यानंतरही चार ते सहा आठवडे तो पिल्लं देऊ शकतो, "झालं ऑपरेशन" म्हणून माद्यांत सोडला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मादीचं साधारण पाच-सहा महिन्यांच्या पुढे करतात आणि ते तिच्या स्वतःसाठीही चांगलं, कारण ऑपरेशन न झालेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो. मादी नुकतीच गाभण असेल तर डॉक्टर त्यातच ऑपरेशन करायचं का असं विचारतील. हा निर्णय जड जातो, मला माहितीये, पण तेरांना घरं शोधताना नाकी नऊ येणार असताना तुम्ही हो म्हणालात तर त्यात मला काही चूक वाटत नाही.

औषधाच्या बाबतीत घरगुती प्रयोग नकोत. कुत्र्याच्या गोचिडांचं फिप्रोनिलवालं औषध सशाच्या अंगावर घातलं तर तो मरू शकतो, आणि घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन तोंडाने दिलं तरी आतड्यातले चांगले जंतू मरून जीव जातो. सशाने बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर उद्यावर ढकलू नका, त्याच वेळी डॉक्टर. बाहेरून आलेल्यांना पहिले दिवस वाळलेलं गवत भरपूर आणि थोडा पाला एवढंच द्या, दाणे एकदम सुरू केले तर पोट बिघडतं.

आता कुणीतरी नक्की म्हणेल, एवढं कशाला, पोत्यात घाला आणि रानात सोडून या. नका. पांढराशुभ्र ससा रानात म्हणजे लांबून दिसणारं जेवण, आणि जे जगतील ते तिथल्या गवतावर आणि प्राण्यांवर ओझं. ऑस्ट्रेलियात १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी दोन डझन ससे आणवून सोडले, पन्नासेक वर्षांत ते खंडाच्या बहुतेक भागात पसरले. १९०१ ते १९०७ या काळात त्यांना अडवायला तीन हजार किलोमीटरहून जास्त कुंपण घातलं, ते पुरं व्हायच्या आत ससे पलीकडे गेलेले होते, शेवटी १९५० मध्ये मुद्दाम रोगाचा विषाणू सोडावा लागला. ते ससे रानटी वाणाचे होते, तुमचे पाळीव तितके पसरणार नाहीत, पण एकदा हाताबाहेर गेलं की सशांना किती यातना होतात ते त्यात दिसतं.

सगळे तेरा ठेवायची गरज नाही. तुम्हाला जमतील तेवढे, म्हणजे दोन किंवा फार तर तीन, ऑपरेशन झालेले ठेवा, एकटा ससा कुढतो म्हणून जोडी बरी. बाकीचे द्या, पण ऑपरेशन झाल्याशिवाय एकही देऊ नका, आणि ज्यांना "लहान मुलाला खेळायला" म्हणून हवाय त्यांना आधी सांगा की हा आठ-दहा वर्षं जगणारा प्राणी आहे. तुमच्या नव्या घेऱ्याला यावेळी जाळी जमिनीच्या वर मीटरभर, आणि खाली घालून आतल्या बाजूला आडवी वळवलेली, इंग्रजी एल अक्षरासारखी, निदान फूटभर. ससा जाळीच्या अगदी मुळाशी उकरतो, तिथे आडवी जाळी लागली की सोडून देतो. भोकं तीन सेंटिमीटरच्या आतली, नाहीतर पिल्लं निसटतात.

वहीतला शेवटचा ससा हाती आला की त्या रात्री प्रत्येक बिळाच्या तोंडाशी चाळलेली राख किंवा बारीक माती पसरा आणि सकाळी पावलं उमटलीत का बघा. काही नसेल तर बीळ गवताने हलकेच बंद करा आणि कुणी आतून गवत ढकलतंय का ते रोज बघा. असं आठ आठवडे करा, कारण एखादी लपलेली मादी असेल तर तिची पिल्लं एवढ्या काळात वर येतातच. तोवर लेकीला सांगा, थाळी रोज त्याच कोपऱ्यात, त्याच वेळी ठेवायची.